बाष्पकाच्या कवचावरील वेल्ड-जोडांची तपासणी : तत्त्व, पद्धती आणि निकष

गोषवारा
वाफेच्या बाष्पकाचे (बॉयलरचे) कवच पोलादी पत्रा वळवून व त्याच्या कडा वेल्डिंगने जोडून तयार केले जाते. कवचाची सुरक्षितता या जोडांवर अवलंबून असते, आणि जोडातील सर्वाधिक घातक दोष बाहेरून दिसत नाहीत. प्रस्तुत लेखात लांबीच्या व परिघीय जोडांवर येणाऱ्या ताणांतील फरक, जोडतपासणीच्या नियमांची ऐतिहासिक पार्श्वभूमी, तपासणीचे टप्पे, क्ष-किरण व श्राव्यातीत चाचण्यांच्या मर्यादा आणि दोषांच्या स्वीकृतीचे निकष यांचा परामर्श घेण्यात आला आहे. पाण्याच्या दाबाची चाचणी हा क्ष-किरण तपासणीचा पर्याय ठरू शकत नाही, हे स्पष्ट करणे हा लेखाचा मुख्य हेतू आहे.

बीजशब्द : बाष्पक, कवच, लांबीचा जोड, परिघीय जोड, क्ष-किरण तपासणी, जोडकार्यक्षमता.

१. प्रस्तावना

साखर कारखाना, कापडावरील प्रक्रिया करणारे उद्योग, दुग्धालय, औषधनिर्मिती, रुग्णालयातील निर्जंतुकीकरण अशा अनेक ठिकाणी बाष्पक अहोरात्र चालू असते. ते चालविणारा कामगार त्यापासून काही फुटांवरच उभा असतो. बाष्पकातील दाबमापकाचा काटा त्याला दिसतो, पाण्याची पातळी काचनळीत दिसते. परंतु ज्या जोडाने कवच एकत्र धरले आहे, त्या जोडाच्या अंतरंगात काय आहे हे त्याला कधीही दिसत नाही. त्याच्या वतीने ते पाहण्याचे काम तपासनीस करीत असतो.

बाष्पकाचा धोका केवळ वाफेच्या दाबात नसून तापलेल्या पाण्यात साठलेल्या ऊर्जेत असतो. मापकावर १० बार दाब असताना बाष्पकातील पाण्याचे तापमान सुमारे १८४ अंश सेल्सिअस असते. कवच अचानक फाटून हा दाब वातावरणाइतका खाली आला, तर त्या पाण्यापैकी सुमारे १६ टक्के भागाची तत्क्षणी वाफ होते. वातावरणाच्या दाबाला वाफेचे आकारमान पाण्याच्या सुमारे १६०० पट असल्याने एक किलोग्रॅम पाण्यातून अंदाजे २७० लिटर वाफ निर्माण होते. काही टन पाणी सामावणाऱ्या बाष्पकाच्या बाबतीत याचा अर्थ काय होतो, हे वेगळे सांगावयास नको.

२. लांबीचा जोड आणि परिघीय जोड

कवच तयार करताना पत्रा रोलिंग मशीनवर वळवून नळकांड्याचा आकार दिला जातो. दोन कडा जेथे भेटतात तेथे नळकांड्याच्या लांबीला समांतर असा जोड येतो. कार्यशाळेच्या भाषेत त्यास ‘लाँग सीम’ म्हणतात. अशी दोन किंवा अधिक नळकांडी एकापुढे एक जोडताना, तसेच टोकाची झाकणे बसविताना गोलाकार जोड येतो. तो परिघीय जोड किंवा ‘सर्क सीम’ होय.

हे दोन जोड सारखेच दिसत असले तरी त्यांवरील भार सारखा नसतो. पातळ भिंतीच्या नळकांड्यात परिघाच्या दिशेने येणारा ताण ‘दाब × व्यास ÷ (२ × जाडी)’ इतका, तर लांबीच्या दिशेने येणारा ताण ‘दाब × व्यास ÷ (४ × जाडी)’ इतका असतो. पहिला ताण लांबीचा जोड उघडू पाहतो. दुसरा परिघीय जोड ओढतो. म्हणजेच लांबीच्या जोडावर परिघीय जोडाच्या दुप्पट ताण येतो.

उदाहरणादाखल २००० मि.मी. व्यासाचे, १४ मि.मी. जाडीचे आणि प्रति चौरस मि.मी. १ न्यूटन (म्हणजे १० बार) दाबाचे कवच घेऊ. त्यातील परिघीय दिशेचा ताण सुमारे ७१ न्यूटन प्रति चौ. मि.मी. आणि लांबीच्या दिशेचा ताण सुमारे ३६ न्यूटन प्रति चौ. मि.मी. येतो. हेच भाराच्या भाषेत सांगावयाचे तर लांबीच्या जोडाच्या प्रत्येक मीटरवर सुमारे १०२ टनांची ओढ असते, तर परिघीय जोडाच्या प्रत्येक मीटरवर सुमारे ५१ टनांची. तपासणीचे नियम लांबीच्या जोडाबाबत अधिक कठोर का असतात, याचे मूळ या साध्या गणितात आहे.

याच कारणास्तव लगतच्या दोन नळकांड्यांचे लांबीचे जोड एका रेषेत येऊ दिले जात नाहीत. एका जोडात निर्माण झालेला तडा सरळ पुढच्या जोडात जाऊ नये, म्हणून ते एकमेकांपासून सरकवून ठेवले जातात. दाबपात्रांसाठीच्या अमेरिकी संहितेत हे अंतर, सर्वसाधारणपणे, अधिक जाड पत्र्याच्या जाडीच्या किमान पाचपट ठेवण्यास सांगितले आहे.

३. ऐतिहासिक पार्श्वभूमी : न दिसलेला तडा

२० मार्च १९०५ रोजी अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यातील ब्रॉकटन येथे ग्रोव्हर पादत्राण कारखान्यातील बाष्पकाचा स्फोट झाला. चार मजली इमारत कोसळून आग लागली आणि ५८ माणसे मृत्युमुखी पडली. त्या काळात कवचाचे जोड रिव्हेटने केले जात. एक कड दुसरीवर चढवून रिव्हेट मारलेल्या जोडास चढता जोड म्हणतात. अशा जोडात कवच खरे वर्तुळाकार राहत नाही. दाब वाढला की कवच पूर्ण गोल होऊ पाहते आणि जोडापाशी पत्रा किंचित वाकतो. दाब उतरला की पूर्ववत होतो. वर्षानुवर्षे चालणाऱ्या या वाकण्याने पत्र्याच्या एकमेकांवर टेकलेल्या पृष्ठभागावर, म्हणजे नेमका झाकलेल्या बाजूस, तडा जातो. ब्रॉकटनच्या स्फोटाचे कारण असा दडलेला तडा असल्याचे मानले जाते. तो आतूनही दिसत नव्हता आणि बाहेरूनही नाही.

या दुर्घटनेनंतर मॅसॅच्युसेट्स राज्याने १९०७ मध्ये बाष्पकांच्या रचनेचे नियम करण्याची व्यवस्था केली. पुढे अमेरिकन सोसायटी ऑफ मेकॅनिकल इंजिनिअर्स (एएसएमई) या संस्थेने १९११ मध्ये समिती नेमली आणि तिची पहिली बाष्पक संहिता १९१५ मध्ये प्रसिद्ध झाली. या संहितेचा प्रभाव आज जगभरातील नियमांवर दिसून येतो.

वेल्डिंगचे तंत्र तोपर्यंत ज्ञात झालेले होते. तथापि बाष्पकाच्या मुख्य कवचासाठी त्यावर विश्वास ठेवण्यास नियमकर्ते तयार नव्हते. कारण उघड होते. रिव्हेट मोजता येतात, त्यांचे अंतर तपासता येते. वेल्ड मात्र वरून गुळगुळीत आणि आतून पोकळ असू शकतो. १९२० च्या दशकात धातूच्या क्ष-किरण चित्रणात प्रगती झाली आणि १९३१ च्या सुमारास क्ष-किरण तपासणीच्या अटीवर वेल्ड केलेल्या कवचांना संहितेत मान्यता मिळाली. वेल्डिंग आधी आले व तपासणी नंतर जोडली गेली, असे झाले नाही. तपासणी शक्य झाली म्हणूनच बाष्पकाच्या कवचात वेल्डिंगला प्रवेश मिळाला. आज क्ष-किरण तपासणीकडे कागदपत्रांची औपचारिकता म्हणून पाहणाऱ्यांनी हा क्रम ध्यानात ठेवणे आवश्यक आहे.

४. भारतातील कायदेशीर चौकट

भारतात १८६३ मध्ये कलकत्ता येथे झालेल्या गंभीर बाष्पकस्फोटानंतर बंगाल प्रांतात १८६४ मध्ये पहिला कायदा झाला. त्यानंतर इतर प्रांतांनीही आपापले कायदे केले; परंतु त्यांच्यात एकसूत्रता नव्हती. १९२०-२१ च्या बाष्पक कायदेविषयक समितीच्या शिफारशींवरून भारतीय बॉयलर्स अधिनियम १९२३ अस्तित्वात आला. रचना, साहित्य, वेल्डिंग व चाचण्या यांविषयीचे तपशीलवार नियम भारतीय बॉयलर विनियम १९५० मध्ये देण्यात आले. उद्योगक्षेत्रात ते ‘आयबीआर’ या नावाने परिचित आहेत. २००७ च्या दुरुस्तीने २५ लिटरपेक्षा कमी क्षमतेची किंवा प्रति चौ. सें.मी. १ किलोग्रॅमपेक्षा कमी दाबाची बाष्पके व्याख्येतून वगळण्यात आली आणि शासकीय निरीक्षकांबरोबरच अन्य मान्यताप्राप्त तपासणी प्राधिकरणांनाही स्थान देण्यात आले. १९२३ च्या अधिनियमाची जागा घेणारा बॉयलर्स अधिनियम संसदेने २०२५ मध्ये संमत केला. महाराष्ट्रात या कायद्याची अंमलबजावणी बाष्पके संचालनालयामार्फत होते.

कायद्याच्या या चौकटीत वेल्ड-जोडाची तपासणी ही एका दिवसाची घटना नसून पत्रा कार्यशाळेत आल्यापासून बाष्पक तयार होईपर्यंत चालणारी प्रक्रिया आहे.

५. तपासणीचे टप्पे

५.१ वेल्डिंगपूर्वीची तपासणी
पत्र्यावरील उष्णता क्रमांक (हीट नंबर) आणि पोलाद कारखान्याचे प्रमाणपत्र यांची प्रथम पडताळणी होते. पत्रा कापल्यावर हा क्रमांक प्रत्येक तुकड्यावर पुन्हा उमटविला जातो. अन्यथा कोणता तुकडा कोणत्या पत्र्याचा हे सांगता येत नाही. वेल्डिंगची कार्यपद्धती आधी नमुना जोडावर सिद्ध करावी लागते. वेल्डरनेही स्वतंत्र परीक्षा उत्तीर्ण होणे आवश्यक असते. एएसएमई संहितेनुसार एखाद्या वेल्डरने विशिष्ट प्रक्रियेने सहा महिन्यांपेक्षा अधिक काळ वेल्डिंग केले नसल्यास त्या प्रक्रियेपुरती त्याची पात्रता संपुष्टात येते.

यानंतर कडांची मांडणी पाहिली जाते. दोन कडा एका पातळीत नसतील तर जोडापाशी वाकण्याचा ताण निर्माण होतो. १२ ते ३८ मि.मी. जाडीच्या पत्र्यासाठी लांबीच्या जोडात ही तफावत सुमारे ३ मि.मी. पर्यंतच चालते, परिघीय जोडात मात्र १९ ते ३८ मि.मी. जाडीस सुमारे ५ मि.मी. पर्यंत सवलत आहे. दुप्पट ताणाचे तत्त्व येथेही दिसून येते.

येथे आणखी एका दोषाचा उल्लेख करणे उचित ठरेल. रोलिंग करताना पत्र्याच्या अगदी टोकाचा भाग नीट वळत नाही. तो आधी वळवून घेतला नाही तर लांबीच्या जोडापाशी कवचाला छपराच्या कण्यासारखे टोक येते. वेल्ड कितीही निर्दोष असला तरी दाबाच्या प्रत्येक चढउतारात हे टोक वाकत राहते. म्हणजे ब्रॉकटनच्या चढत्या जोडात जे घडत होते तेच नव्या जोडात घडू लागते. म्हणून आकारपट्टी लावून गोलाई तपासली जाते. कमाल व किमान व्यासातील फरक व्यासाच्या १ टक्क्याच्या आत असावा, असा निकष आहे.

५.२ वेल्डिंग चालू असताना
इलेक्ट्रोड ओलसर असल्यास वेल्डमध्ये हायड्रोजन शिरतो व जोड थंड झाल्यानंतर काही तासांनीही तडा जाऊ शकतो. त्यामुळे कमी हायड्रोजनचे इलेक्ट्रोड ओव्हनमध्ये तापवून वापरले जातात. एका बाजूचे वेल्डिंग झाल्यावर दुसऱ्या बाजूने मूळ थर निर्दोष धातू लागेपर्यंत कोरून काढला जातो. या क्षणी तपासनीस उपस्थित असणे महत्त्वाचे असते, कारण वर पुढचा थर चढला की हा भाग पुन्हा डोळ्यांना दिसत नाही.

लांबीच्या जोडाच्या टोकाला त्याच पत्र्याच्या कसोटी पट्ट्या जोडून जोड व पट्ट्या एकाच ओघात वेल्ड केल्या जातात. पुढे त्या कापून ओढून व वाकवून पाहिल्या जातात. कवच न मोडता कवचाच्या जोडाची ताकद कळण्याचा हा मार्ग होय.

५.३ वेल्डिंगनंतर
प्रथम दृश्य तपासणी होते. वेल्डच्या कडेला पत्र्यात पडलेली खाच, अर्थात ‘अंडरकट’, ०.८ मि.मी. किंवा जाडीच्या १० टक्के यांपैकी जे कमी असेल त्यापेक्षा अधिक खोल असू नये. पृष्ठभागावरील बारीक तडे शोधण्यासाठी डाय पेनिट्रंट किंवा चुंबकीय कण चाचणी घेतली जाते. त्यानंतर जोडाच्या अंतर्भागाची तपासणी केली जाते.

६. अंतर्भागाची तपासणी : क्ष-किरण व श्राव्यातीत चाचणी

क्ष-किरण किंवा गॅमा किरण जोडातून आरपार जाऊन पलीकडील फिल्मवर पडतात. पोकळी किंवा स्लॅग असलेल्या जागी धातू कमी असल्याने किरण अधिक प्रमाणात पोचतात व फिल्मवर तो भाग गडद दिसतो. कार्यशाळेत व कार्यस्थळी गॅमा किरणांसाठी बहुधा इरिडियम-१९२ वापरले जाते. त्याचा अर्धायुकाल सुमारे ७४ दिवसांचा असतो. भारतात असे किरणस्रोत अणुऊर्जा विभागाच्या विकिरण व समस्थानिक तंत्रज्ञान मंडळाकडून पुरविले जातात आणि त्यांच्या वापरावर मुंबईस्थित अणुऊर्जा नियामक मंडळाचे नियंत्रण असते.

फिल्मवर दोष दिसत नाही, याचा अर्थ दोष नाही असा लगेच होत नाही. फिल्म मुळात दोष दाखविण्यास समर्थ होती का, हे आधी पाहावे लागते. त्यासाठी जोडावर प्रतिमा-गुणवत्ता दर्शक (पेनिट्रामीटर) ठेवतात. परंपरेने त्याची जाडी जोडाच्या जाडीच्या सुमारे २ टक्के असते. त्यातील आवश्यक छिद्र किंवा तार फिल्मवर उमटली नसेल तर ती फिल्म बाद ठरते. फिल्मची घनताही क्ष-किरणांसाठी किमान १.८, गॅमा किरणांसाठी किमान २.० आणि कमाल ४.० या मर्यादेत असावी लागते. याशिवाय शिशाचे क्रमांक फिल्मवर उमटलेले असणे अनिवार्य आहे. जोड क्रमांक व स्थान यांविना असलेली फिल्म कितीही स्वच्छ असली तरी ती कोणत्या जोडाची हे सिद्ध होत नाही.

क्ष-किरणांची एक मर्यादा मात्र लक्षात घ्यावी लागते. वायूची छिद्रे किंवा स्लॅग यांसारखे आकारमान असलेले दोष त्यांना सहज सापडतात. परंतु किरणांच्या दिशेला तिरका असलेला पातळ तडा फिल्मवर उमटेलच असे नाही. या ठिकाणी श्राव्यातीत चाचणी उपयुक्त ठरते. साधारणतः २ ते ५ मेगाहर्ट्झ कंपनसंख्येच्या लहरी ४५, ६० किंवा ७० अंशांच्या कोनातून जोडात पाठविल्या जातात व सपाट दोषावरून परावर्तित होऊन त्या परत येतात. या दोन पद्धती एकमेकींच्या स्पर्धक नसून पूरक आहेत.

७. स्वीकृतीचे निकष आणि जोडकार्यक्षमता

पूर्ण निर्दोष वेल्ड ही कल्पना व्यवहारात दुर्मीळ आहे. म्हणून संहिता दोषांचे दोन वर्ग करतात. तडा, अपुरे संलयन व अपुरा वेध हे दोष कितीही लहान असले तरी अमान्य होत. कारण त्यांची धार तीक्ष्ण असते आणि ते वाढत जातात. स्लॅगसारख्या लांबट दोषांना मर्यादित मुभा असते. एएसएमई संहितेनुसार १९ मि.मी. पर्यंतच्या जाडीस ६ मि.मी., १९ ते ५७ मि.मी. जाडीस जाडीच्या एक तृतीयांश आणि त्याहून अधिक जाडीस १९ मि.मी. ही अशा एका दोषाच्या लांबीची कमाल मर्यादा आहे. दोष त्यापेक्षा मोठा असल्यास तो कोरून काढून पुन्हा वेल्डिंग करावे लागते, आणि दुरुस्त भागाची पुन्हा त्याच पद्धतीने तपासणी करावी लागते.

तपासणीचे प्रमाण व कवचाची जाडी यांचा संबंध जोडकार्यक्षमतेच्या संकल्पनेतून व्यक्त होतो. अग्नीचा संपर्क नसलेल्या दाबपात्रांसाठी दोन्ही बाजूंनी वेल्ड केलेल्या सांधजोडाची कार्यक्षमता पूर्ण क्ष-किरण तपासणी असल्यास १.०, नमुना तपासणी असल्यास ०.८५ आणि तपासणी नसल्यास ०.७० धरली जाते. अनुज्ञेय ताण ११८ न्यूटन प्रति चौ. मि.मी. मानल्यास २००० मि.मी. व्यास व १० बार दाबासाठी आवश्यक जाडी अनुक्रमे सुमारे ८.५, १०.० आणि १२.२ मि.मी. येते. म्हणजे जेवढे अज्ञान अधिक तेवढे पोलाद अधिक, असा हा हिशेब आहे.

बाष्पकाच्या कवचाच्या बाबतीत मात्र असा सौदा करण्यास वाव नसतो. एएसएमईच्या बाष्पक संहितेत, लघु बाष्पकांसारखे अपवाद वगळता, कवच व ड्रम यांच्या लांबीच्या सांधजोडाची संपूर्ण लांबी अंतर्भागापर्यंत तपासावी लागते. पत्रा जाड घेतला म्हणून ही तपासणी टळत नाही.

८. पाण्याच्या दाबाची चाचणी : एक गैरसमज

‘हायड्रो टेस्ट झाली, कोठेही गळती नाही, मग क्ष-किरण तपासणीचा आग्रह कशासाठी?’ असा प्रश्न कार्यशाळांमध्ये वारंवार विचारला जातो. एएसएमई बाष्पक संहितेनुसार ही चाचणी कमाल अनुज्ञेय दाबाच्या दीडपट दाबाने घेतली जाते, त्यामुळे हा प्रश्न वरवर पाहता रास्त वाटतो. तथापि ही चाचणी त्या दिवशी, त्या तापमानाला, काही वेळापुरते कवच टिकले एवढेच सिद्ध करते. जाडीच्या एक चतुर्थांश खोलीचा तडा असलेला चिवट पोलादाचा जोड ही चाचणी विनासायास पार करू शकतो. पुढे रोजच्या चालू-बंद होण्याने, तापण्या-निवण्याने तो तडा वाढत जातो. ब्रॉकटनचे बाष्पकही एके काळी दाब सोसतच होते.

पाण्याची चाचणी आवश्यक आहेच. कारण ती गळती, ढोबळ चुका व कमकुवत भाग उघड करते. पण ती आजच्या ताकदीची चाचणी आहे, तर क्ष-किरण व श्राव्यातीत चाचणी उद्याच्या बिघाडाचे बीज शोधते. म्हणून एक चाचणी दुसरीची जागा घेऊ शकत नाही. ज्या कवचांना वेल्डिंगनंतर ताणमुक्तीसाठी उष्णोपचार द्यावा लागतो, त्यांची पाण्याची चाचणी उष्णोपचारानंतरच घेतली जाते, हा क्रमही पाळणे आवश्यक ठरते.

९. निष्कर्ष

१) लांबीच्या जोडावर परिघीय जोडाच्या दुप्पट ताण येत असल्याने त्याच्या मांडणीचे, गोलाईचे व तपासणीचे निकष अधिक कठोर असणे शास्त्रीयदृष्ट्या योग्य आहे.
२) अंतर्भागाची तपासणी शक्य झाल्यामुळेच बाष्पकाच्या कवचात वेल्डिंगला मान्यता मिळाली; ती वगळल्यास त्या मान्यतेचा आधारच नाहीसा होतो.
३) फिल्मची विश्वासार्हता दर्शक, घनता व ओळखक्रमांक यांवर अवलंबून असते, केवळ स्वच्छ फिल्म हा पुरावा नव्हे.
४) पाण्याच्या दाबाची चाचणी अंतर्भागाच्या तपासणीला पूरक आहे, पर्यायी नाही.

१०. समारोप

वेल्ड-जोडाच्या तपासणीवर होणारा खर्च व लागणारा वेळ उत्पादकाला तात्काळ जाणवतो. तिचा लाभ मात्र जाणवत नाही, कारण न झालेला अपघात कोणत्याही ताळेबंदात दिसत नाही. बाष्पक कारखान्यात बसविल्यानंतर तेथील कामगार उत्पादकाला ओळखत नाही, तपासनीसालाही ओळखत नाही. तरीही पाळीमागून पाळी तो त्यांच्या सहीवर विसंबून कवचाजवळ उभा राहतो. त्या सहीमागे प्रत्यक्ष पाहिलेली फिल्म, मोजलेली गोलाई व कोरून पाहिलेला जोड असणे, एवढीच त्याची अपेक्षा असते, आणि बाष्पकविषयक नियमांचा सारांशही तोच आहे.